साइट प्लॅनवरच्या हॅच आणि न जुळणारे 149 चौरस मीटर

ड्रॉइंग साधंच होतं. 1:200 ला छापायचा साइट प्लॅन, एकक मीटर, सॉफ्टवेअर ऑटोकॅड. खाली सर्व्हेअरकडून आलेली टोटल स्टेशनची (जागेची मोजणी करणाऱ्या यंत्राची) फाइल आणि तिच्यावर आर्किटेक्टने आखलेली इमारत, अंतर्गत रस्ता, फरसबंदी आणि हिरवळ. ड्राफ्ट्समनकडे शेवटचं काम आलं. चार प्रकारच्या जागांना चार हॅच (बंद हद्दीच्या आत भरायची नक्षी किंवा रंग) मारायच्या, प्रत्येक हॅचच्या प्रॉपर्टीजमधून क्षेत्रफळ उचलायचं आणि तक्ता भरायचा. ही सोय ऑटोकॅडमध्ये 2006 च्या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे हातात कॅल्क्युलेटर घेण्याची वेळ यायला नको होती.

प्लॉटच्या हद्दीची बंद पॉलिलाइन, म्हणजे सलग जोडलेल्या रेषांची एक आकृती, 3600 चौरस मीटर दाखवत होती. तक्त्यात इमारत 900, हिरवळ 1060, फरसबंदी 1109 आणि रस्ता 382 असे आकडे आले. बेरीज 3451. म्हणजे 149 चौरस मीटर कुठे गेले, याचा पत्ता नाही. (आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून पूर्णांकात आणले आहेत.)

ड्राफ्ट्समनचं म्हणणं सरळ होतं. "सर, हॅच सगळीकडे बसली आहे. कुठेच पांढरं राहिलं नाही." स्क्रीनवर बघितलं तर झाडांची चिन्हं सोडता ते खरंच होतं. पण हॅच बसली याचा अर्थ एवढाच, की सॉफ्टवेअरला कुठली तरी बंद हद्द सापडली. आपल्या मनातली हद्द तीच होती का, हे त्यातून कळत नाही. या फाइलमध्ये हॅचने तीनदा तक्रार केली होती आणि तिन्ही वेळा तिचं तोंड बंद करण्यात आलं होतं. 149 चा हिशेब त्यातल्या दोन ठिकाणी सापडला. तिसऱ्या तक्रारीने क्षेत्रफळ बिघडलं नाही, छपाई बिघडली. शोधायला सुरुवात तिथूनच केली, कारण प्रिंट हातात होती.

हिरवळ: एका पॅटर्नचं माप दुसऱ्याला

प्रिंटवर हिरवळ म्हणजे सपाट हिरवा रंग होता. त्याखाली सर्व्हेअरने दिलेले स्पॉट लेव्हल, म्हणजे जागोजागच्या उंचीचे आकडे, झाकले गेले होते. विचारल्यावर कळलं, की आधी गवताचा पॅटर्न, म्हणजे ग्रास, दिला होता. तेव्हा फाइल अडकली आणि मग सॉफ्टवेअरने विचारलं, की पॅटर्न फार दाट होतोय, त्याऐवजी सॉलिड भरू का? त्याने हो म्हटलं. घाईत असलेला कुणीही हो म्हणेल.

पॅटर्नचं स्केल, म्हणजे तो किती पटीने लहान-मोठा करायचा तो आकडा, किती दिलं होतं? 0.001. हा आकडा कुठून आला, ते महत्त्वाचं आहे, कारण तो अगदीच हवेतून आलेला नव्हता. फरसबंदीला त्याने एआर-बी816 हा ब्लॉकचा पॅटर्न दिला होता. नावात एआर असलेले पॅटर्न खऱ्या मापाचे असतात. 8 इंच उंच आणि 16 इंच लांब ब्लॉक, म्हणजे 203.2 बाय 406.4 मिलिमीटर. मेट्रिक टेम्प्लेटमध्ये पॅटर्नची फाइल अ‍ॅकॅडआयएसओ असते, तिच्यात हे आकडे मिलिमीटरमध्ये लिहिलेले आहेत. ड्रॉइंग मीटरमध्ये असेल तर हजाराने भागायचं, म्हणून 0.001. अगदी बरोबर. 1:200 ला तो ब्लॉक कागदावर साधारण 1 बाय 2 मिलिमीटर येतो, वाचता येतो.

पण ग्रास, अर्थ (माती), एएनएसआय31 हे दुसऱ्या जातीचे पॅटर्न आहेत. त्यांना खरं माप नसतं, ते चिन्ह म्हणून असतात आणि कागदावर कसे दिसतील त्यावरून त्यांचं स्केल ठरतं. एएनएसआय31 या नेहमीच्या तिरप्या रेषांचं उदाहरण घेतलं की हिशेब लगेच समजतो. पॅटर्नच्या फाइलमध्ये त्याची व्याख्या एका ओळीची आहे: 45, 0, 0, 0, 3.175. पहिला आकडा कोन, पुढचे दोन सुरुवातीचा बिंदू, चौथा म्हणजे पुढची रेष किती सरकून सुरू करायची ते, आणि पाचवा दोन रेषांमधलं अंतर. कागदावर हे 3.175 मिलिमीटरच हवं असेल तर 1:200 साठी जागेवर 635 मिलिमीटर, म्हणजे 0.635 मीटर अंतर लागेल. 0.635 भागिले 3.175 म्हणजे 0.2. मीटरच्या ड्रॉइंगमध्ये छपाईच्या प्रमाणातला आकडा हजाराने भागला की स्केल मिळतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. इमारतीला याने तेच दिलं होतं आणि ती हॅच सुरेख आली होती.

ग्रासचं गणित थोडं वेगळं आहे, आणि फाइल का अडकली ते त्यातच आहे. या पॅटर्नमध्ये तीन दिशांच्या तुटक रेषा आहेत, 90, 45 आणि 135 अंशाच्या. स्केल 1 असताना प्रत्येक दिशेची एक काडी 25.4 बाय 25.4 एवढ्या जागेमागे एकदा येते. स्केल 0.001 केलं की ती जागा मीटरच्या ड्रॉइंगमध्ये इंचभर चौकोनाएवढी होते. हिरवळ खरी 1200 चौरस मीटर (तक्त्यात 1060 का आली ते पुढे येईल), तिच्यात असे सुमारे 18.6 लाख चौकोन, प्रत्येकात तीन काड्या, म्हणजे जवळजवळ 56 लाख काड्या. एचपीमॅक्सलाइन्स ही एका हॅचमधल्या रेषांची मर्यादा मुळात 10 लाखांवर ठेवलेली असते. सॉफ्टवेअर अडकलं यात त्याचा काही दोष नाही.

स्केल 0.05 केलं. चौकोनाची बाजू 1.27 मीटर झाली, कागदावर 6.35 मिलिमीटर. काड्या 2232 च्या आसपास. गवत गवतासारखं दिसायला लागलं, स्पॉट लेव्हल वाचता आले, फाइलही हलकी झाली. ही मर्यादा वाढवून गाडी पुढे ढकलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. साइट प्लॅनवरच्या एका हॅचला 10 लाखांपेक्षा जास्त रेषा लागत असतील तर स्केल चुकलेलं आहे, असं खुशाल धरावं. समांतर रेषांमध्ये कागदावर किमान 0.7 मिलिमीटर मोकळी जागा हवी, असं आयएसओचं तांत्रिक ड्रॉइंगचं मानक सांगतं. 56 लाख काड्यांच्या हॅचमध्ये ती कुठून राहणार!

झाडाच्या बुंध्यात गवत

नवी ग्रास हॅच नीट दिसायला लागली तेव्हा एक गंमत उघडी पडली. सॉलिड रंगाच्या वेळी झाडं हिरव्यात पांढरी वर्तुळं म्हणून दिसत होती आणि ती तशीच ठेवली आहेत असं सगळ्यांना वाटलं होतं. आता दिसलं, की पर्णसंभाराच्या मोठ्या वर्तुळात गवत नाही, पण त्याच्या मध्यावर असलेल्या बुंध्याच्या छोट्या वर्तुळात मात्र गवत उगवलंय.

हे आयलंड डिटेक्शनचं काम, म्हणजे हद्दीच्या आत सापडणाऱ्या बंद आकृत्यांचं काय करायचं ते ठरवणारी सोय. नॉर्मल या पद्धतीत हॅच बाहेरून आत येताना पहिली बंद आकृती भेटली की थांबते, दुसरी भेटली की पुन्हा सुरू होते, तिसरीला पुन्हा थांबते. झाडाचं चिन्ह दोन वर्तुळांचं होतं, म्हणून हा प्रकार झाला. आउटर पद्धत निवडली तर बुंध्यातलं गवत जातं, पण पर्णसंभाराखालची जागा कोरीच राहते. पर्णसंभार म्हणजे वरून दिसणारी सावली. तिच्याखाली गवत असतंच, आणि क्षेत्रफळाच्या तक्त्यात ती जागा हिरवळच धरायची असते.

पर्णसंभाराची त्रिज्या 1.5 मीटर, बुंध्याची 0.15. एका झाडामागे वजा झालेली जागा 7 चौरस मीटर. हिरवळीवर 20 झाडं. म्हणजे 140 चौरस मीटर हिरवळ नुसत्या झाडांच्या चिन्हांनी खाल्ली होती. 1060 चे 1200 झाले.

उपाय सोपा होता. झाडांचा लेअर फ्रीझ केला, म्हणजे तात्पुरता बंद केला, आणि हॅच पुन्हा दिली. एकाच फाइलमध्ये असं वारंवार करायचं असेल तर हॅचच्या पर्यायांमधला बाउंड्री सेट वापरणं बरं. कुठल्या वस्तूंना हद्द मानायचं ते आधीच निवडून द्यायचं, म्हणजे सॉफ्टवेअर बाकीच्यांकडे बघतच नाही. मोठ्या सर्व्हेच्या फाइलमध्ये हद्द शोधायचा वेळही वाचतो, कारण स्क्रीनवरची प्रत्येक रेष तपासायची गरज उरत नाही.

फरसबंदी: न दिसणारी फट

उरले 9. खरं तर कर्बचेच, म्हणजे काठाच्या दगडी पट्टीचेच, 18 चौरस मीटर होते. हिरवळ आणि फरसबंदी यांच्यामध्ये 0.15 मीटर रुंद, 120 मीटर लांब कर्ब होता, आणि त्याला तक्त्यात ओळच नव्हती. पण मग फरक 18 चा यायला हवा होता, 9 चा कसा आला? याचा अर्थ अर्धा कर्ब दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात गेला होता.

फरसबंदीच्या हॅचचा माग काढला. सुरुवातीला इथे बंद हद्द सापडत नाही असा संदेश आला होता, आणि दोन कोपऱ्यांवर लाल वर्तुळं. ही लाल वर्तुळं ऑटोकॅडमधली फार उपयोगी गोष्ट आहे. जिथे टोकं एकमेकांना भिडत नाहीत असा त्याला संशय येतो, तिथे ती उमटतात. पहिल्या कोपऱ्यात झूम केल्यावर चाप आणि सरळ रेष यांच्यात 6 मिलिमीटरची फट दिसली. दुसऱ्या कोपऱ्यात मात्र कितीही झूम केलं तरी रेषा भिडलेल्याच.

ड्राफ्ट्समनने तेव्हा एचपीगॅपटोल 0.01 केलं. एवढ्या अंतरापर्यंतची फट हॅचने मिटलेली समजावी, असं त्यातून सांगता येतं. मूळ किंमत 0 असते आणि 5000 एककांपर्यंत देता येते. पहिला कोपरा मिटला, दुसरा तसाच. मग 0.1. तरीही नाही. मग त्याने संशयित रेष पुसून दोन्ही टोकांना एंडपॉइंट स्नॅप लावून नवी काढली. तरी नाही. शेवटी 0.5 केलं आणि हॅच बसली.

दुसऱ्या कोपऱ्यातली ती रेष निवडून लिस्ट ही वस्तूची माहिती दाखवणारी कमांड दिली, तेव्हा कारण समोर आलं. प्लॅनमध्ये 60 मीटर दिसणाऱ्या रेषेची त्रिमितीय लांबी 120.37 मीटर होती आणि डेल्टा झेड, म्हणजे दोन टोकांच्या उंचीतला फरक, 104.35. एक टोक शून्य उंचीवर, दुसरं थेट सर्व्हेच्या बिंदूवर, आणि सर्व्हेच्या बिंदूला त्याची खरी पातळी होती. वरून बघताना ती 60 मीटरचीच दिसते, बाजूने बघितली तर उभ्या डोंगरासारखी चढते. हॅचला हद्द एका प्रतलात लागते. या रेषेची तिने दखलच घेतली नव्हती, म्हणून शेजारच्या रेषांची टोकं तिला लोंबकळती दिसत होती आणि तिथे लाल वर्तुळ उमटत होतं. स्नॅप लावून काढलेली नवी रेषही तशीच चढती निघाली, कारण स्नॅपने दोन्ही टोकांची उंची इमानदारीने उचलली.

आता 0.5 ने काय केलं ते बघा. कर्बची आतली रेष हॅचच्या लेखी नाहीच. पण अर्धा मीटर उडी मारायची मुभा मिळाल्यावर तिला पलीकडची, 0.15 मीटरवर असलेली कर्बची बाहेरची रेष सापडली. ती शून्य उंचीवर, एकदम स्वच्छ. एका टोकाला कर्ब ओलांडून बाहेर, 60 मीटर बाहेरच्या रेषेने प्रवास, दुसऱ्या टोकाला पुन्हा आत. 60 गुणिले 0.15, बरोबर 9 चौरस मीटर कर्ब फरसबंदीत जमा. 1:200 च्या कागदावर 0.15 मीटर म्हणजे पाऊण मिलिमीटर. प्रिंटवर हे कुणाच्या डोळ्यात भरणार?

गॅप टॉलरन्सला माझा सरसकट विरोध नाही. 6 मिलिमीटरची फट टोटल स्टेशनच्या कामात नेहमीची आहे आणि प्रत्येक कोपरा हाताने जुळवायला कुणाला वेळ असतो. पण त्याला वरची सीमा हवी, आणि ती प्रत्येक ड्रॉइंगमध्ये वेगळी निघते. ड्रॉइंगमधली सगळ्यात बारीक खरी वस्तू कुठली ते बघायचं आणि टॉलरन्स तिच्यापेक्षा बराच खाली ठेवायचा. इथे कर्ब 0.15 चा, म्हणून 0.02 च्या वर जायला नको होतं. आणि झूम करूनही फट दिसत नसेल तर टॉलरन्सला हात लावण्याआधी झेड तपासायचा.

सर्व्हेच्या मूळ फाइलला हात लावायचा नव्हता, त्यातल्या पातळ्या पुढे लागणार होत्या. म्हणून आर्किटेक्टच्या रेषांची वेगळी प्रत घेऊन तिच्यावर सगळं एका पातळीवर आणणारं फ्लॅटन चालवलं, मग एकावर एक पडलेल्या रेषा काढायला ओव्हरकिल. सर्व्हेची फाइल एक्सरेफ म्हणून, म्हणजे बाहेरून जोडलेली वेगळी फाइल म्हणून, खाली ठेवली. पुन्हा हा प्रकार होऊ नये म्हणून ओस्नॅपझी 1 केलं. मग स्नॅप बिंदूची जागा घेतो, पण त्याची उंची घेत नाही. सर्व्हेवर आखणी करणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच मिनिटाला करावं.

ब्लॉक तुटलेले का दिसत होते

फरसबंदीची हद्द सुधारल्यावरही ब्लॉकचा पॅटर्न मधेच फाटल्यासारखा येत होता, काही आडव्या ओळी गायब. क्षेत्रफळावर याचा परिणाम नव्हता, त्यामुळे थोडक्यात सांगतो. सर्व्हे यूटीएम या मीटरमधल्या नकाशा-निर्देशांकांवर होता, नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) 20 लाख मीटरच्या पुढे. पॅटर्नची मांडणी मुळात 0,0 पासून मोजली जाते. तिथून साइट 2000 किलोमीटर दूर, आणि 203.2 मिलिमीटरच्या टप्प्याने तिथवर यायचं म्हणजे जवळपास एक कोटी ओळी. एवढ्या लांबवर पूर्णांकातच सात अंक खर्च होतात आणि दशांशातल्या बारीक चुका साठत जातात. एचपीओरिजिनने हॅचचा मूळबिंदू फरसबंदीच्या एका कोपऱ्यावर आणला आणि ओळी सरळ आल्या. वर एक फायदा: कोपऱ्यावर पूर्ण ब्लॉक बसला, अर्धा कापलेला नाही. साइट उचलून 0,0 जवळ आणणं हा दुसरा उपाय असतो. पण सर्व्हेचे निर्देशांक एकदा हलले की पुढचा प्रत्येक कन्सल्टंट वेगळ्या जागी उभा राहतो, म्हणून तो टाळला.

तक्ता पुन्हा भरताना

या वेळी पद्धत बदलली. प्रत्येक जागेची आधी बाउंड्री कमांडने बंद पॉलिलाइन बनवली, छापायचा नाही अशा वेगळ्या लेअरवर. हॅच आतल्या बिंदूवर क्लिक करून न देता ती पॉलिलाइन निवडून दिली, असोसिएटिव्ह ठेवून, म्हणजे पॉलिलाइन बदलली की हॅचही बदलेल अशी. तक्त्यातला आकडा फील्ड, म्हणजे आपोआप बदलणारा मजकूर, म्हणून पॉलिलाइनच्या क्षेत्रफळाला जोडला. हॅचचं क्षेत्रफळ पडताळणीला. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी आयलंड घुसलंय हे तिथल्या तिथे कळतं. एकाच हॅचमध्ये चार तुकडे आले असतील तर ते सुटे केले, कारण पुढे एका तुकड्याचा पॅटर्न बदलला की चारही बदलतात.

हॅच एक्सप्लोड करून, म्हणजे फोडून, नको तो भाग पुसण्याची सवय काही जणांना असते. या फाइलमध्ये रस्त्याच्या एका कोपऱ्यात असंच केलेलं सापडलं. तिथे हॅच उरतच नाही, नुसत्या सुट्या रेषा उरतात, आणि त्यांना क्षेत्रफळ नसतं. सुदैवाने तो तुकडा आधीच वेगळा मोजून रस्त्यात धरला होता. रेषा पुसून तिथेही नीट हॅच दिली.

नवा तक्ता असा झाला: इमारत 900, हिरवळ 1200, फरसबंदी 1100, रस्ता 382, कर्ब 18. बेरीज 3600. कर्बला हॅच दिली नाही. पाऊण मिलिमीटरच्या पट्टीत पॅटर्न दिसत नाही आणि सॉलिड भरला तर जाड रेघ वाटते. त्याची फक्त पॉलिलाइन ठेवली, तक्त्यातल्या ओळीपुरती.

पुढच्याच फेरीत आर्किटेक्टने फरसबंदीची एक कड दीड मीटर हिरवळीत सरकवली. कर्बच्या आणि दोन्ही जागांच्या पॉलिलाइन तेवढ्या ओढल्या, हॅच त्यांच्यामागून आल्या, रीजेन, म्हणजे ड्रॉइंग ताजं करायची कमांड, दिल्यावर आकडे बदलले आणि बेरीज 3600 वरच राहिली.

एक गोष्ट शेवटी जाता जाता सापडली. एचपीगॅपटोल ड्रॉइंगमध्ये साठत नाही, संगणकावरच्या ऑटोकॅडच्या सेटिंगमध्ये साठतं. ही फाइल बंद करून त्याच मशीनवर दुसऱ्या साइटची फाइल उघडली, तर तिथेही 0.5 उभंच. मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये ते अर्धा मिलिमीटर असतं आणि कुणाला जाणवतही नाही. मीटरच्या ड्रॉइंगमध्ये तेच अर्धा मीटर. ते परत 0 केलं, आणि त्या मशीनवर मधल्या काळात मीटरमध्ये काढलेल्या प्लॅनच्या बेरजा पुन्हा तपासायला घेतल्या.